प्रश्न वाचकांचे : एलईडी कंपनीचे संचालक कोण, कुठले, कशासाठी?

प्रश्न : आमचा वाळूजला ॲल्युमिनियम डायकास्टिंगचा छोटा कारखाना आहे. पथदिवे बनवणाऱ्या एका एलईडी कंपनीने हीटसिंकची (दिव्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मोठी ऑर्डर ९० दिवसांच्या उधारीवर देऊ केली आहे. माहितीपत्रकात पाच संचालकांचे फोटो आहेत आणि प्रत्येकापुढे 'प्रकाश उद्योगातील दीर्घ अनुभव' असं छापलंय. किती विसंबावं?
– वाचक, छत्रपती संभाजीनगर

फोटोंवर मुळीच विसंबू नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा मास्टर डेटा फुकट दिसतो. संचालकांची नावं, त्यांचे डीआयएन (संचालक ओळख) क्रमांक, नेमणुकीच्या तारखा, शेवटच्या वार्षिक सभेची तारीख आणि बँकांचे बोजे तिथे असतात. प्रत्येक डीआयएन घेऊन तो माणूस आणखी कोणत्या कंपन्यांत आहे तेही पाहा. कंपनी बारा वर्षांची आणि पाचही संचालक गेल्या वर्षभरात आलेले असतील, तर जुने का गेले हे विचारलंच पाहिजे. एकाच माणसाच्या नावावर तीन-चार कंपन्या 'स्ट्राइक ऑफ' झालेल्या, म्हणजे सरकारी नोंदवहीतून काढलेल्या असतील तर उधारी विसरा. वार्षिक सभेची तारीख दोन वर्षं जुनी असेल तरीही तेच.

मग १०० रुपये भरून दाखल कागदपत्रं उघडा. एओसी-४ म्हणजे ताळेबंद आणि एमजीटी-७ म्हणजे वार्षिक विवरण. २०२१-२२ पासून ताळेबंदात देण्यांची वयानुसार फोड द्यावी लागते आणि त्यात एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) पुरवठादारांची ओळ वेगळी असते. 'एक वर्षाच्या आत', 'एक ते दोन वर्षं', 'दोन ते तीन' असे रकाने असतात. त्या ओळीत एक वर्षापुढच्या रकान्यात आकडे दिसले, तर तुमच्यासारख्यांना ही कंपनी कशी वागवते ते कळलं. संचालकांच्या पाच परिच्छेदांपेक्षा ही एक ओळ खरी बोलते.

आता अनुभवाबद्दल. पथदिव्यांचा धंदा तीन ठिकाणी बसतो : ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारं सर्किट) जळतो, उष्णता बाहेर पडत नाही, किंवा सरकारी बिलात पैसे अडकतात. पाचांपैकी इलेक्ट्रॉनिक्सचं उत्पादन केलेला कोण, पैशाचं चक्र सांभाळलेला कोण, ते शोधा. पाचही जण विक्रीतून आलेले असतील तर त्याचा त्रास थेट तुम्हाला होतो. भाव पाडायचा म्हणून 'फिनचं (हीटसिंकच्या पातळ पात्यांचं) वजन कमी करा' असा निरोप येतो आणि दिवे परत आले की खापर तुमच्या कास्टिंगवर फुटतं. डायकास्टिंगच्या एडीसी-१२ या मिश्रधातूची उष्णतावाहकता ९६ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तर एक्स्ट्रूजनच्या (साच्यातून दाबून काढलेल्या) ६०६३ ची २०० च्या घरात. हा फरक ड्रॉइंगवर सही करणाऱ्याला ठाऊक आहे का, ते पहिल्याच बैठकीत कळतं. सही झालेलं ड्रॉइंग आणि वजन ऑर्डरला जोडून घ्या.

आणि ९० दिवस कशाला? तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटातली असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

प्रश्न : एका एलईडी कंपनीचा एसएमई आयपीओ (लहान कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) येतोय. निवृत्तीच्या पैशातून अर्ज करावा म्हणतो. मसुदा दस्तऐवजात संचालकांची माहिती भरपूर आहे, पण त्यातून समजायचं काय?
– निवृत्त शिक्षक, लातूर

'आमचं व्यवस्थापन' हे प्रकरण वाचण्याआधी 'जोखीम घटक' वाचा. तिथे बऱ्याचदा एक वाक्य सापडतं : अमुक संचालकाची शैक्षणिक किंवा अनुभवाची कागदपत्रं उपलब्ध नाहीत, माहिती त्यांच्या प्रतिज्ञापत्रावर आधारित आहे. हे एकट्याने वाईट नाही. पण ज्यांच्या तांत्रिक अनुभवावर कंपनी उभी असल्याचं सांगितलंय त्यांच्याबाबतच ते असेल, तर थांबा. मग प्रवर्तकांच्या इतर कंपन्या आणि संबंधित पक्षांचे व्यवहार पाहा. संचालकाच्या भावाच्या कंपनीकडून चिप किंवा ड्रायव्हर घेतले जात असतील, तर नफा कुठल्या घरात राहतो हे उघड आहे.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात आणि किमान एक महिला संचालक लागते. आयपीओच्या तोंडावर, एकाच महिन्यात हे सगळे नेमलेले दिसणं नेहमीचंच. त्यामुळे त्यांच्या नावांनी भारावून जाऊ नका. मात्र लेखापरीक्षण समितीचा अध्यक्ष ताळेबंद वाचू शकणारा आहे की नुसताच प्रतिष्ठित, ते जरूर तपासा.

वरच्या माणसाची पार्श्वभूमी कंपनीला कुठे नेते, याचं ठळक उदाहरण अमेरिकेच्या क्री कंपनीचं. एलईडीतलं हे मोठं नाव. २०१७ मध्ये तिथे ग्रेग लो मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले. त्याआधी ते फ्रीस्केल या सेमीकंडक्टर कंपनीचे प्रमुख होते, त्याही आधी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये. दिव्यांचा माणूस नव्हे, चिपचा. २०१९ मध्ये क्रीने दिव्यांचा व्यवसाय आयडियल इंडस्ट्रीजला विकला, २०२१ मध्ये एलईडीचाही स्मार्ट ग्लोबलला, आणि सिलिकॉन कार्बाइडच्या चिपवर सारी भिस्त ठेवून वुल्फस्पीड हे नाव घेतलं. २०२४ च्या अखेरीस लो यांना जावं लागलं आणि जून २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. दिव्यांत राहिली असती तर वाचली असती, असं यातून म्हणता येत नाही. कारण दिव्यांत नफा झपाट्याने आटत होता. आपल्याकडेच सरकारच्या उजाला योजनेच्या खरेदीत एका एलईडी बल्बचा भाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. पण नेमणूक झाली त्या दिवशीच दिशा ओळखता येत होती, हे खरं.

तेव्हा तुमच्या कंपनीबाबत विचारा : पूर्णवेळ संचालक बल्ब विकत मोठे झालेत, की इतर ब्रँडना माल बनवून देत? पहिल्याला भावाच्या घसरणीचा फटका थेट बसतो, दुसऱ्याचं सारं एक-दोन ग्राहकांवर टांगलेलं असतं. आणि एसएमई आयपीओत किमान अर्जाची रक्कम दोन लाखांच्या पुढे असते. निवृत्तीच्या पैशासाठी आम्हाला हा मार्ग रुचत नाही.

प्रश्न : गावासाठी एलईडी पथदिवे घ्यायचे आहेत. तीन दरपत्रकं आली आहेत. कंपनीचे संचालक कोण आहेत हे ग्रामपंचायतीने पाहण्याची गरज आहे का?
– उपसरपंच, बीड जिल्हा

एका कारणासाठी आहे. तिन्ही दरपत्रकांवरच्या कंपन्यांचे संचालक मास्टर डेटात शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकच डीआयएन दोन ठिकाणी आला, किंवा नोंदणीकृत पत्ता एकच निघाला, तर तुमच्याकडे दरपत्रकं तीन असली तरी विक्रेता एकच आहे. फेरमागणी करा. दुसरं, दोन वर्षांपूर्वी जन्मलेली कंपनी पाच वर्षांची हमी देत असेल तर हमी उत्पादकाच्या लेटरहेडवर मागा.

बाकी संचालकांपेक्षा दिवा पाहा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून नाव आणि मॉडेल जुळवा. एलएम-७९ हा चाचणी अहवाल पूर्ण दिव्याचा असतो, एलएम-८० फक्त आतल्या एलईडीचा प्रकाश किती टिकतो याचा, दोन्ही मागा. एलएम-८० मध्ये ६,००० तासांचीच चाचणी असेल तर त्यावरून आयुष्य जास्तीत जास्त सहापट, म्हणजे ३६,००० तास काढता येतं. तेवढ्यावर '५०,००० तास' छापलं असेल तर ते छपाईपुरतं. आपल्याकडे न्यूट्रल तुटला की २३० ची लाइन ४०० व्होल्टच्या दिशेने चढते आणि अख्ख्या गल्लीचे ड्रायव्हर एका रात्रीत जातात. म्हणून ४४० व्होल्ट सहन करणारा ड्रायव्हर आणि १० केव्हीचं वेगळं सर्ज (विजेच्या अचानक उसळीपासूनचं) संरक्षण अटीत लिहा. शंभर दिव्यांमागे पाचेक सुटे ड्रायव्हर आधीच घेऊन ठेवा.

प्रश्न : आम्ही तिघे भाऊ भागीदारीत एलईडी बल्ब जोडणी करतो. आता प्रायव्हेट लिमिटेड करायचंय. सीए म्हणतात, आईला आणि वहिनींनाही संचालक करा. करावं का?
– वाचक, जालना

कायद्याला दोन संचालक पुरतात. नावापुरतं कुणाला बसवू नका. कंपनीने सलग तीन वर्षं विवरणं भरली नाहीत तर सगळे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आई स्वयंपाकघराबाहेर पडल्या नसल्या तरी. शिवाय बँक कर्जाला संचालकांची वैयक्तिक हमी मागते. त्यांना हिस्सा द्यायचा असेल तर भागधारक करा, तेवढं पुरे.

तिघांपैकी एकाने खरेदी आणि दर्जा, दुसऱ्याने वसुली आणि जीएसटी असं लेखी वाटून घ्या. ड्रायव्हर सर्किट समजणारा इंजिनिअर आधी सल्लागार म्हणून घ्या, वर्षभर पाहा, मग मंडळावर. आणि डिजिटल सहीचे टोकन सीएंच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची पद्धत मोडा. टोकन तुमच्याकडे आणि पासवर्डही तुमच्याकडेच.

प्रश्न : वीज वितरणातून अभियंता म्हणून निवृत्त झालो. एका एलईडी कंपनीने स्वतंत्र संचालक व्हा म्हटलंय. काय लागतं?
– वाचक, परभणी

डीआयएन काढा, आयआयसीए या सरकारी संस्थेच्या डेटाबँकेत नोंदणी करा आणि दोन वर्षांत ऑनलाइन परीक्षा द्या. ५० टक्के गुण लागतात. प्रवर्तकांशी नातं किंवा मोठा पैशाचा व्यवहार चालत नाही. मानधन एका बैठकीला जास्तीत जास्त एक लाख रुपये, शेअरचे पर्याय मिळत नाहीत. 'हो' म्हणण्याआधी गेल्या वर्षभराची इतिवृत्तं मागा. दिली नाहीत तर जाऊ नका. बैठकीत एखादा ठराव पटला नाही तर तोंडी बोलून थांबू नका, विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. तुमच्यावर बालंट आलं तर तोच कागद उपयोगी पडतो.