भुसावळहून एका दिवसात सायकलने जाऊन पाणपक्षी बघता येतील अशी जागा?

हतनूर जलाशय, तोही डिसेंबर-जानेवारीत. पहाटे वरणगावमार्गे निघा. महामार्गावर ट्रक फार असतात, मागचा लाल दिवा हवाच.

धरणाचे 41 दरवाजे बघून परत फिरू नका! खरी मजा मागच्या उथळ पाण्यात, चांगदेवकडे, जिथे तापी-पूर्णेचा संगम आहे. तिथे चक्रवाक आणि मोठी लालसरी ही हिवाळी बदकं दिसली की थंडीत हात गारठल्याचंही विसरायला होतं. सायकल मात्र लांबच उभी करा, थवा एकदा उठला की लवकर बसत नाही. काठाच्या काळ्या गाळात चाकं रुततात आणि बाभळीचे काटे ट्यूब फोडतात, म्हणून दोन जादा ट्यूब आणि पंप घ्या. चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर जवळच आहे, डबा तिथे खा.