रेडिएशन चालू असताना ॲसिडिटीने घसा जास्त का जळतो?
वडिलांच्या घशाला रेडिएशन चालू आहे आणि जुनी ॲसिडिटी आता जास्त छळतेय, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचा मार घशाच्या आतल्या एकाच अस्तरावर बसतोय. रेडिएशनने अस्तराच्या तळातल्या, नव्या पेशी बनवणाऱ्या पेशी मरतात. म्हणून साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घसा सोलवटल्यासारखा होतो. त्यात लाळ आटते, आणि वर आलेलं आम्ल धुऊन काढणारी तीच. पोटासारखं श्लेष्माचं जाड कवच घशाला नसतं. आम्लासोबत वर आलेलं पेप्सिनही, म्हणजे पोटातलं प्रथिनं पचवणारं विकर, घशाला चिकटून राहतं, पण त्याचं कुणी नावच घेत नाही! जेवण झोपण्याच्या ३ तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. नुसत्या उशा रचून मानच दुखते. खिचडी मऊ, कोमट; लोणचं-लिंबू बंद. पाणीही गिळवत नसेल, ताप किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.