पाच माणसं, वर्षाला दीड लाख: वर्षाचं धान्य एकदम भरावं की लागेल तसं आणावं?

ताई, तुम्ही विचारलंय की साताऱ्यात स्वतःचं घर आहे, पाच माणसं, दोन मुलं शाळेत, ऊसबिल आणि हंगामी काम धरून वर्षाला दीड लाख हाती येतात, महिन्याचं बजेट कधीच बसत नाही, तर कशात कपात करू? शिवाय तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, वर्षाचं भरण्यात पैसा अडकवू नका, लागेल तसं दुकानातून आणा. हाच सल्ला आमच्या घरात धाकटे दीर वीस वर्षं देतायत. म्हणून एवढं लांबलचक लिहिते.

आधी महिन्याचं बजेट सोडून द्या. ज्या घरात पैसा वर्षातून तीन-चारदाच येतो, तिथं महिन्याचा हिशेब बसणारच नाही. सांगली-साताऱ्याकडं पैशाचे महिने ठरलेले आहेत. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे, उसाची पहिली उचल डिसेंबर ते मार्च, हळद आणि द्राक्षं असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल. कायद्यानं, म्हणजे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानं, ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, मिळायला हवा. पण बजेट त्या चौदा दिवसांवर मांडू नका, दोन महिने पुढं ढकलूनच मांडा. खर्चाचेही महिने ठरलेले: जूनला शाळा आणि पेरणी, एप्रिल-मेमध्ये लग्नांचे आहेर, गावची जत्रा, दिवाळी. आणि जून ते सप्टेंबर हातात दमडी नसते. त्या चार महिन्यांत घरात धान्य नसलं की दुकानदाराची उधारीची वही सुरू होते. उधारीवर घेणाऱ्याला भाव करता येत नाही, माल परत करता येत नाही, दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. गळती इथं आहे. भाजीत दहा रुपये वाचवून ती बुजत नाही.

आता दिरांचा मुद्दा. ते म्हणतात, बारा हजाराचं धान्य भरण्यापेक्षा पैसे बँकेत ठेवा. मांडून बघू. १२,००० रुपये ७ टक्क्यांनी वर्षभर ठेवले तर ८४० रुपये व्याज. पण धान्य रोज थोडं थोडं संपतं, म्हणजे पैसा सरासरी सहाच महिने अडकतो. व्याज बुडालं ४२० रुपये. बारा हजाराच्या या तीन क्विंटल धान्यावर मार्च आणि श्रावणाच्या भावात किलोला फक्त पाच रुपयांचा फरक धरला तरी १,५०० रुपये होतात. किराणा दुकानातला पाच-पाच किलोचा भाव आणि खळ्यावरचा भाव यातला फरक अजून वेगळा. पैशाच्या बाजूनं हा वाद इथं संपतो.

त्यांचा दुसरा मुद्दा किड्यांचा: ‘भरलेलं अर्धं सोंडे (धान्यातले सोंडकिडे) खातात.’ खातात, पण ज्यांनी नीट वाळवलं नाही त्यांचं खातात. आता मी सगळं सविस्तर सांगते, कारण वर्षाचं भरणं जमलं तर तुमचा निम्मा प्रश्न सुटतो.

किती भरायचं? पाच माणसांना दिवसाला साधारण ८०० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे वर्षाला २९० किलो. तीन क्विंटल धरा, दीड शाळू आणि दीड गहू. शाळू म्हणजे रब्बीचीच ज्वारी, तिची मालदांडी जात मिळाली तर उत्तम. जत, आटपाडी, माण, खटावकडची कोरडवाहू शाळू मार्चमध्ये खळ्यावर येते. पैशाचा हात असतो तोच महिना. खपली गव्हाच्या नादी वर्षाच्या भरण्यात लागू नका, ती खिरीपुरती पाच किलो बास.

घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आतून उबदार लागलं तर धान्य ओलं आहे आणि आत तापतंय, ते घेऊ नका. दाणा दाताखाली धरा, कट्ट वाजून तुटला पाहिजे, चेपता कामा नये. अजून खात्री हवी तर कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात तिसरा हिस्सा धान्य आणि दोन चमचे अगदी कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांच्या वर ओलावा आहे. मीठ मोकळं राहिलं म्हणजे लगेच कोठीत भरायचं असं मात्र नाही, कारण साठवायला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. घरी आणून दोन कडक उन्हं द्यायचीच.

वाळवणं म्हणजे गच्चीवर ओतून देणं नव्हे. आधी चाळा, पाखडा. फुटके दाणे आणि माती ठेवलीत तर कीड तिथूनच सुरू होते. ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा थर पसरा, त्याहून जाड नको. दर दोन तासांनी पायानं किंवा फावडीनं फिरवा. एप्रिलचं ऊन दोन दिवस पुरतं. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून घरात आणा आणि रात्रभर उघडंच पसरून ठेवा. सगळ्यात जास्त चूक इथं होते: तापलेलं धान्य तसंच कोठीत भरतात. गरम धान्याची वाफ रात्री झाकणाला आतून धरते, त्याचं पाणी होऊन वरचा थर ओला होतो, त्याला बुरशी येते आणि मग कोठीला दोष देतात. धान्य हाताला गार लागल्याशिवाय भरायचं नाही.

तांदूळ उन्हात घालू नका, त्याला चिरा पडून तुकडे होतात. तो सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा.

कोठीसुद्धा उन्हात तापवून घ्या. जुनं धान्य खाली तळाला असेल तर पूर्ण काढा, नवं त्यावर ओतू नका. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि तोंड बंद करते, त्यामुळं वरून दाणा चांगला दिसतो आणि महिना-दीड महिन्यात आतून किडा बाहेर पडतो. जुन्या धान्यातून आणि जुन्या पोत्यातून हीच अंडी नव्यात येतात. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण सुकवून, चुरचुर वाजेल असा, थराथरात घाला. ओला पाला घातलात तर औषधाऐवजी ओलावा घातलात. कोठी काठोकाठ भरा, रिकामी जागा ठेवू नका. ती दोन विटांवर फळी टाकून ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. तीन क्विंटलची एक कोठी घेऊ नका, दीड-दीडच्या दोन घ्या. रोज उघडायची ती एकच, दुसरी झाकण लिंपून गणपतीपर्यंत बंद. आषाढ-श्रावणात कोठी सारखी उघडायची नाही, महिन्याचं धान्य एका डब्यात काढून घ्या आणि झाकण परत बंद करा. दिवाळीच्या आधी ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, तेव्हा उरलेल्याला एक दिवस पुन्हा ऊन दाखवा.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. धान्यात घालायला सल्फासची, म्हणजे विषारी वायू सोडणारी कीडनाशक गोळी घरात आणू नका, कुणी फुकट दिली तरी. तिचा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाला मारतो, आणि कोठी बहुतेक घरांत झोपायच्याच खोलीत असते. पाऱ्याच्या गोळ्याही मी वापरत नाही, कापडात बांधल्या तरी फुटतात.

कडधान्याला किलोमागे ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा गोडंतेल हातानं चोळून ठेवा. तेलाच्या थरानं भुंग्याची अंडी दाण्यावर टिकत नाहीत. तूरडाळ २०, हरभरा-मूग-मसूर मिळून २५ किलो पुरते. नवी तूर जानेवारीपासून येते, हरभरा मार्चला. तांदूळ ६० किलो, पाटण किंवा शिराळ्याकडचा, डिसेंबरात घ्या. पण नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून आधी जुना संपवा.

दळण एका वेळी चार-पाच किलोच्या वर नको. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, आठ-दहा दिवसांत जाते. विरी गेली की भाकरी थापताना कडेला चिरते, तव्यावर उलटताना तुटते, आणि घरातली माणसं चपाती मागायला लागतात. चपातीला तेल जातं. वर्षाच्या शेवटी शाळूच जुनी होऊन विरी कमी झाली, तर दळताना पाच किलोला मूठभर उडीद टाका आणि पीठ उकळत्या पाण्यात मळा.

तेल माणशी महिना अर्धा लिटर, वर्षाला ३० लिटर. घाण्यावर शेंगा देणं परवडतं का असं बरेच जण विचारतात. घरच्या शेंगा असतील तर नक्की परवडतं. विकत घेऊन द्यायच्या असतील तर आधी हिशेब करा: १०० किलो शेंगांचे ६५ ते ७० किलो दाणे निघतात आणि दाण्याचं तेल साधारण चाळीस टक्के पडतं. पेंड जनावराला लागत असेल तरच मेळ बसतो.

चटणी घरचीच. पाच किलो मिरचीत तीन किलो ब्याडगी रंगाला, दीड किलो संकेश्वरी, अर्धा किलो लवंगी तिखटाला. किलो मिरचीला पाव किलो धने, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा, पाव किलो मीठ. कांदा चिरून दोन उन्हं दिल्याशिवाय तळू नका. मऊ कांदा चटणीत गेला की पावसाळ्यात बरणीला बुरशी येते आणि पाच किलो मिरची उकिरड्यावर जाते. डंकावरून, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीतून, आणलेली चटणी गरम असते, ती थाळ्यात पसरून गार करा, मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे खडे ठेवा. हळद सांगलीच्या पेठेतून हळकुंडं आणून दळा, वर्षाला दोन किलो खूप झाली.

दुधाचा हिशेब कुणी करत नाही. लिटरला ६० रुपये धरले तर रोजच्या एका लिटरचे वर्षाला २१,९०० होतात. गहू ३५ आणि शाळू ४५ नं घेतली तर तीन क्विंटलचे १२,०००. म्हणजे चहाचं दूध भाकरीपेक्षा महाग पडतं. मुलांचं दूध तोडू नका, दुपारचा चहा तोडा. गॅसचं म्हणाल तर अंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं बंद केलं की सिलिंडर आठ-दहा दिवस जास्त जातो. बंबाला तुराट्या, बुरकुंडं (दाणे काढलेली मक्याची कणसं), शेणी चालतात. विजेचे महिन्याला १०० युनिट ओलांडू नका, वरच्या युनिटांचा दर बराच जास्त आहे.

दीड लाखात बसतं का, तर माझ्या अंदाजानं धान्य, डाळी, तेल, साखर, दूध, भाजी, गॅस, लाईट, चहा-साबण सगळं धरून लाखाच्या आसपास जातं. उरलेल्या पन्नास हजारात शाळा, कपडे, आहेर, दवाखाना. जत्रेला पाहुण्यांना दहा किलो मटण उधारीवर आणणाऱ्या घराचं बजेट कोणत्याच हिशेबानं बसणार नाही, हे मी दिरांनाही तोंडावर सांगते. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा मात्र कापू द्या, कमावत्या माणसाच्या नावावर तो हवाच.

आता हे आधी सांगायला हवं होतं. तुमचं रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी महिना ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. पाच माणसांचे वर्षाला तेच तीन क्विंटल झाले. मग गहू-तांदूळ विकत भरू नका, फक्त दीड क्विंटल शाळू भरा. रेशनचं धान्यही चाळून, ऊन देऊनच डब्यात टाका.

कर्ज काढून धान्य भरू नका. शेकड्याला महिना दोन रुपये व्याजानं पैसे उचललेत तर वर माझं ४२० रुपयांचं गणित सगळं उलटं होतं, तिथं दीर बरोबर आणि मी चूक. आणि गच्ची नसेल, घरात ओल असेल, तर वर्षाचं नकोच. मार्चमध्ये पावसाळ्यापुरतं, म्हणजे जून ते ऑक्टोबरचं सव्वा क्विंटल घ्या, शेजारच्यांच्या गच्चीवर दोन दिवस ऊन द्या आणि वीस-वीस किलोच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. एक डबा संपल्याशिवाय दुसरा उघडू नका.