शिक्षा संपली, कोठडी संपली नाही

चि. वकीलसाहेब, अनेक आशीर्वाद.

शिक्षा भोगून झालेला, मायदेशी पाठवणी अडकलेला परदेशी माणूस एकट्याच खोलीत ठेवलाय, म्हणतोस. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट, म्हणजे मूलभूत हक्कांसाठीची याचिका, टाकायची घाई कळते, पण आधी मुलाखत घे आणि तास मोज. खोलीबाहेर रोज किती वेळ? जेवण कुणासोबत? दुसरा माणूस दिसतो का? कितवा दिवस? आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीत पंखा चालतो का, हेही लिही. तारखा-वेळा नसल्या की समोरचे ‘सुरक्षेसाठी वेगळं ठेवलं’ एवढ्या वाक्यावर सुटतात. संयुक्त राष्ट्रांच्या कैद्यांविषयीच्या नेल्सन मंडेला नियमांत (२०१५) दिवसाला २२ तास किंवा जास्त अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणं म्हणजे एकांतवास. सलग १५ दिवसांपुढं तो निषिद्ध. बंधनकारक नाहीत, पण मोजपट्टी म्हणून चालतात.

खरा जोर मात्र इथं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११-१२ चा एकांतवास कोर्टानंच द्यायचा: एकूण ३ महिने, एका वेळी १४ दिवस, मधे तेवढाच खंड; शिक्षा ३ महिन्यांवर असेल तर महिन्याला ७ दिवसच. दोषी माणसाला एवढं संरक्षण असेल, तर ज्याची शिक्षाच उरली नाही त्याला कमी कसं? राज्यघटनेचं कलम २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) प्रत्येक व्यक्तीला आहे. कलम १९ चुकूनही लावू नको, ते नागरिकांचं. पहिल्याच मिनिटाला पिटिशन हलकी होते.

कैद्यांच्या हक्कांवरचे सर्वोच्च न्यायालयाचे ‘सुनील बत्रा’ निकाल दोन आहेत. नवखे १९७८ चाच जोडतात. डिसेंबर १९७९ च्या निकालात सत्र न्यायाधीशांच्या पडताळणीशिवाय एकांत कोठडी नाही, तातडी असली तर २ दिवसांत कळवायचं, असं आहे. ते कळवल्याचं पत्र माग. ‘हे कारागृह नाही, ताबाकेंद्र आहे’ असं उत्तर येईल. तेव्हा दोषीला संरक्षण, तर शिक्षा संपलेल्याला कमी कसं, हा वरचाच मुद्दा पुन्हा मांड.

वेगळं ठेवणं दरवेळी बेकायदा नसतं. क्षयरोग असेल, इतरांकडून मार बसण्याची भीती असेल, तर कारण खरं असू शकतं. मग लेखी आदेश, मुदत आणि डॉक्टरांच्या भेटींची नोंद माग.

दुभाषा सोबत ने. ‘स्वखुशीनं वेगळा राहतो’ अशा मराठी कागदावर न वाचता सही झालेली असू शकते. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहेच. ताब्यातल्या माणसाला मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

याचिकेच्या प्रार्थनेत, म्हणजे कोर्टाकडच्या मागणीत, नुसतं ‘सोडा’ लिहू नको. सुटका पाठवणीच्या कागदांत अडकते आणि खोलीचा प्रश्न तसाच राहतो. पहिली मागणी एकट्याच्या खोलीतून बाहेर काढण्याची, तीही अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच.