जि. प. शाळेला कुलूप ठोकलं तर मुख्याध्यापक बदलून मिळतो का?

तुम्ही लिहिलंय ते असं: साक्री तालुक्यातली पाचवीपर्यंतची शाळा, पट ७४, शिक्षक दोन, त्यातलेच एक प्रभारी मुख्याध्यापक आणि ते कायम मीटिंगला. म्हणून सोमवारी गेटला कुलूप.

ठोका. फोटो चांगला येईल. दुपारी गटशिक्षणाधिकारी येतील, शेजारच्या शाळेतला एक शिक्षक 'कामगिरीवर' देतील, कुलूप निघेल. मग त्या गावचे पालक पंचायत समितीत जाऊन बसतील आणि शिक्षक परत जाईल. कामगिरी तात्पुरतीच असते, कायम बदली तालुक्याच्या हातात नसते.

मुळात मागणीच चुकलीय. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, आणि मुख्याध्यापकाचं वेगळं पद १५० च्या वर. 'पूर्णवेळ मुख्याध्यापक द्या' लिहिलंत तर टेबलावरचा बाबू 'पद अनुज्ञेय नाही' असा शेरा मारून मोकळा. 'तिसरा शिक्षक द्या' लिहिलंत तर अनुसूचीवर बोट ठेवता येतं, तो शेरा मारणं त्याला अवघड जातं. सर बदलले तरी नवे सरही प्रभारीच असणार, मीटिंगा त्याच.

दोनशे सह्यांच्या निवेदनापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीचा एक ठराव जड. ठरावात इयत्तावार पट लिहा, संचमान्यतेची, म्हणजे शाळेला पटावर किती शिक्षक मंजूर त्या आदेशाची, प्रत जोडा. शाळा देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस. तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली करा. जिल्हा परिषदेला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, तो पटला नाही तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

ठराव फसतो तो रजिस्टरात. शेवटची ओळ आणि सह्या यांच्यात चार-पाच ओळी मोकळ्या सुटलेल्या असतात, आणि नंतर तिथे भलताच मजकूर येऊन बसतो. मोकळ्या जागेवर तिरपी रेघ मारा, ठराव मोठ्याने वाचून घ्या, मगच सही. वही घरोघर फिरवून सह्या घेत असतील तर साफ नाही म्हणा.

आणि समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला हे कागदावर सगळीकडे असतं. प्रत्यक्षात अध्यक्षीणबाई कापूस वेचायला आणि सभेत तिचा नवरा, वर 'तिले काय समजस?' कापसाच्या दिवसांत सकाळी अकराची सभा म्हणजे बायांना येऊ नका असं सांगणंच. रात्री आठला ठेवा. पोरगं घरी येऊन काय वाचतं, काय वाचत नाही, ते आईलाच माहीत असतं. हे गावच्या पुढाऱ्यांना कितीदा सांगून झालं. त्यांना आपल्या पॅनलचाच माणूस हवा.

पटाकडेही बघा. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार न जुळलेली मुलं त्यात गळतात. ७४ चे ६० झाले की तिसरं पद गेलंच. नावातली चूक दुरुस्त करायची तर ऊसतोडीला कुटुंबं निघण्याआधी. दिवाळीनंतर आई-बापच गावात नसतात.

सरांना शिकवण्याव्यतिरिक्त कामाला नेत असतील तर त्याच कायद्याचं कलम २७ बघा: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढंच चालतं. शाळेच्याच मीटिंगा मात्र शिकवण्याव्यतिरिक्तच्या कामात मोडत नाहीत, ते भांडण घालू नका.

स्लॅबचे तुकडे पडत असतील तर मात्र ठरावाची वाट बघू नका. त्याच दिवशी पोरं मारुतीच्या पारावर बसवा आणि कुलूप खुशाल लावा.