डिस्पेअरच्या पुढे काय?

प्रश्न : मुलगी इंदूरला भंवरकुआँत क्लास लावून बँकेच्या परीक्षेची तयारी करते. ‘आय डिस्पेअर टू गेट अ सीट’ हे तिचं वाक्य सरांनी चूक दिलं. डिस्पेअर म्हणजे निराश होणंच ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : हो, पण तेवढंच नाही. निकाल पाहून मन खट्टू झालं आणि पुन्हा फॉर्म भरला, तर ते ‘डिसअपॉइंटेड’. आता होणारच नाही असं वाटून आशाच सोडली, तर ‘डिस्पेअर’.

चूक आहे ती ‘टू’ची. ‘होप’ला ‘टू’ चालतो, म्हणून मुलं इथेही तोच लावतात. डिस्पेअरला ‘ऑफ’ लागतो आणि त्यापुढे नाम किंवा आयएनजीचं रूप येतं : ‘शी डिस्पेअर्ड ऑफ गेटिंग अ सीट’. एखादी परिस्थिती पाहून हताश व्हायचं असेल तर ‘ॲट’ : ‘ही डिस्पेअर्ड ॲट द ट्रॅफिक’. माणसाबद्दल मात्र ‘ऑफ’च. ‘आय डिस्पेअर ऑफ यू’ म्हणजे ‘तुझ्यापुढे हात टेकले बाबा!’ हे लाडिक वैतागानंही म्हणतात, त्यामुळे कुणी म्हटलं तर लगेच मनाला लावून घेऊ नये.

खरा घात ‘डेस्परेट’ करतो. ‘आय ॲम डेस्परेट टू गेट अ सीट’ हे व्याकरणात बसतं, पण अर्थ पार फिरतो : जागा हवीच, त्यासाठी जिवाचं रान करीन. आशा सोडलेली नाहीच!

नाम म्हणून वापरताना ‘इन डिस्पेअर’. आधी ‘अ’ नको. उच्चारात जोर शब्दाच्या दुसऱ्या भागावर, ‘स्पेअर’वर.