खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या फाइली वाचताना

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या उभारणीचा पत्रव्यवहार तुम्ही प्रथमच अभ्यासत आहात, म्हणून सुचवतो की पत्रांआधी टिपणीची पाने, म्हणजे फाइलीत अधिकाऱ्यांनी लिहिलेले अंतर्गत शेरे, वाचावीत, कारण निर्णयामागची कारणे तिथेच उमगतात. पत्रातून बहुधा निर्णय केवळ कळवला जातो. निधीबाबत विशेष सावध राहावे. सुदानने १९४१ मध्ये दिलेल्या १ लाख पौंडांपैकी फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७० हजार आले, त्यामुळे कागदाची तारीख पाहिल्याशिवाय आकडा उतरवून घेऊ नये. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचे सुदान ब्लॉक हे नाव त्याच देणगीचे स्मरण आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी झाली. दरम्यान प्रशिक्षण देहरादूनला सुरू होते, तेव्हा तिथला पत्रव्यवहारही अवश्य मागवावा.